ब्राह्मणपुरीच्या उंच जीपची थरथर

१

चुनीलालची जीप चोरीला गेली असती तर ब्राह्मणपुरीत निदान आरडाओरडा तरी झाला असता. चोरीचं एक बरं असतं, चोर बाहेरचा धरून सगळ्यांना एकत्र बसून शिव्या देता येतात. इथे जीप जागच्या जागी, लिंबाखाली, धुऊनपुसून उभी होती आणि गाव मात्र घरात कुणी गेल्यासारखं गप्प होतं. कारण चुनीलालने सकाळी भर पारावर भिला मिस्तरीला दगाबाज म्हटलं होतं.

दवाखान्याच्या नर्स वत्सलाबाई पेटी घेऊन आल्या त्या नेमक्या या गप्पपणात. आठवड्यातून एकदा त्यांना तोरणमाळवर बाळंतिणी बघायला न्यायचं काम चुनीलालची जीप करायची. केळीचा आणि उसाचा मालक असलेला चुनीलाल स्वतः गाडी हाकायचा, शेजारी भिला बसायचा, मागे वत्सलाबाई. पुढचे दोघं घाटभर भांडायचे आणि उतरताना एकाच रुमालाला तोंड पुसायचे. बालपणापासूनचे मित्र. चुनीलालने लष्कराच्या लिलावातली जीप घेतली ती भिलाच्या भरवशावर, आणि भिला लष्करी वर्कशॉपातली नोकरी सोडून गावी राहिला तो चुनीलालच्या.

"काय झालं हो?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"व्हवानं काय शे?" चुनीलाल पारावरूनच गरजला. "मी याले भाऊ म्हनं! आनि याले सुरतना कारखानामाईन बोलावनं ऊनं, ते यानी मन्ही जीप मुद्दाम बिघाडी ठेवी. म्हंजे मी कटाळी जासू आनि हाऊ मोकळा व्हई!"

भिला पान्हे पिशवीत भरत होता. एकेक पुसून, हळूहळू, जसं कुणी मुलाला शाळेला पाठवताना त्याचे केस विंचरावे.

"बठ्ठं गाव आयकी ऱ्हायनं, चुनीभाऊ. पुरे," तो म्हणाला. "आते सुरतले जासच. मन्ही घरवाली कौसाले आनि सामाननी पेटीले रामसिंगनी बैलगाडीवर काढी देस. मी जीपनी चावी दिसन सायकलवर निंघस. दोंडाईचाले सुरतनी आगगाडी धरसू."

वत्सलाबाईंनी आपली पेटी त्याच्या सायकलच्या कॅरियरवर ठेवली आणि दोरीने घट्ट बांधली.

"बाई, हाई काय?"

"ही सोडल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही. आणि मी गाठ बाळंतिणीच्या पट्ट्यासारखी मारते, ती कुणाला सुटत नाही. आता मला सांगा, ही गाडी कधीपासून आजारी आहे?"

२

वत्सलाबाई अंमळनेरच्या. अहिराणी त्यांच्या घरचीच, पण प्रश्न विचारायचे ते नोकरीच्या मराठीत, अशी सवय पडली होती. ताप असो की थरथर, त्यांची चौकशी एकच: कधीपासून, कुठे, आणि त्याच्या आधी काय झालं?

भिला सांगू लागला तेव्हा रागात होता, पण कामाबद्दल बोलता बोलता राग विसरून गेला. तोरणमाळच्या घाटात दगड जीपच्या पोटाला लागायचे, म्हणून नवरात्र बसल्यावर त्याने प्रत्येक स्प्रिंगमध्ये एकेक पाटा वाढवून गाडी उंच केली. गाडी उंच झाली की गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, तो जास्त तिरका होतो आणि तोकडाही पडतो. म्हणून तो शहाद्याच्या रूपचंदकडून लांब करून आणला. आस नीट तोंड वर करून बसावा म्हणून पाट्याखाली पाचर ठोकली. पुढची चाकं दोरी लावून सरळ केली.

"आणि मग?"

"मंग तोरनमाय गयतूत ना आपन! तुमीच चहा पी ऱ्हायन्यात मांगे बठीसन."

खरंच. उंच झालेल्या जीपची ती पहिली फेरी. शहाद्याच्या सरळ रस्त्यावर गाडी भरधाव असताना वत्सलाबाईंनी मागे बसून कपाने चहा प्यायला होता आणि पातळावर थेंब सांडला नव्हता. दसऱ्यानंतरच्या फेरीत मात्र गाडीने वेग घेतला की बुडाखालून अशी थरथर सुटायची, की पेटीतल्या बाटल्या एकमेकींशी बोलायच्या. अर्ध्यातूनच परतावं लागलं होतं.

"थरथर हाताला लागते की बुडाला?"

भिला चमकला. "चुनीभाऊ म्हनस, ष्टिअरिंग सरळ ऱ्हास. पन बठकले मुंग्या येतस."

"म्हणजे पुढच्या चाकांचं दुखणं नाही. मागचं, मधलं."

"त्येच ते मी म्हनस! चाकं अदलीबदली करीसन दखं, दोरी परत लाई, पाचर काढीसन परत बसाडी. दसराना हारनी दोरी शाफ्टले गुंडायेल व्हती, तीबी काटी. थरथर ते काही जाये ना."

"आणि शाफ्ट?"

"शाफ्टले काय व्हनार?" भिलाचा आवाज जरा चढला. "तो मन्हा हातनी जोडेल शे. दोन तुकडा शेतस त्याना, दात्यात दाते जातस. मी जोडतांना दोन्हीसवर ग्रीसमा कालवेल शेंदूरना लाल ठिपका लावस, ठिपकासमोर ठिपका. आज सकायले वाकीसन दखं, लालसमोर लालच शे. मी अष्टमीले बहिनकडे तळोदाले गयथू, ते दसरा करीसन ऊनू. त्यामा कोनी शाफ्ट खोला नही. बठ्ठासले इचारं."

वत्सलाबाईंनी मान हलवली. माणूस सगळ्यांना तपासतो, फक्त स्वतःच्या कामाला नाही. त्याला अभिमान म्हणायचं की विश्वास, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

"मंग आते सोडा ती पेटी," भिला म्हणाला.

"गाडीची थरथर अष्टमी ते दसरा या दिवसांत जन्मली," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुम्ही गावात नव्हता तेव्हा. म्हणजे इथे कुणीतरी काहीतरी केलंय, मिस्तरी. जन्म झालाय तर आईही असणारच."

३

संशय घ्यायला माणसं फार नव्हती. पहिला रूपचंद. शाफ्ट लांब करणारा शहाद्याचा लेथवाला. योगायोगाने तो त्या दिवशी ब्राह्मणपुरीतच उसाच्या चरकाचं काम करायला आला होता, आणि भिलाचं नि त्याचं पटत नाही हे तालुक्याला ठाऊक होतं. भिला सुरतेला गेला तर आसपासच्या गाड्या रूपचंदच्याच दारात येणार होत्या.

"माझ्यावर ढकलू नका, बाई," रूपचंद चरकातून मान बाहेर काढून म्हणाला. तो तालुक्याच्या गावचा, म्हणून बाईंशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा. "शाफ्टची नळी मी वाकडी जोडली असती तर पहिल्या दिवसापासून थरथरली असती. तुम्ही चहा प्यालात म्हणे मागे बसून? मग माझी सुटका झाली."

"तुम्हाला कुणी सांगितलं चहाचं?"

"भिलानीच. शहाद्याला येईसन मन्ह्या तोंडावर सांगं, 'रूपचंद, तुन्ही नळी सोन्यानी शे.'" शुद्ध भाषा इथे संपली. रूपचंद थोडा लाजला. "इतल्या वरीसमा पहिलांदाच चांगलं बोलना. तो जाई ते माले शिव्या कोन देई?"

हा माणूस भिलाला घालवणार नाही, हे वत्सलाबाईंनी ओळखलं. काही वैरं संसारासारखी असतात. त्यातला एक गेला की दुसऱ्याला घर खायला उठतं.

दुसरा रामसिंग, चुनीलालचा गाडीवान. जीप आली तेव्हापासून त्याच्या बैलगाडीला मालक बसत नव्हता. आणि दसऱ्याच्या दिवशी रामसिंगला जीपखाली शिरताना गावाने पाहिलं होतं. तो आता कौसाबाईला आणि भिलाच्या पेटीला घेऊन निघायच्या तयारीत, बैलांना पाणी दाखवत होता. कौसाबाई आधीच पेटीवर चढून बसली होती, गावाकडे पाठ करून.

"रामसिंग, जीपखाली काय करत होतास?"

"हार बांधी ऱ्हायंथू, बाई! मालकनी माय धनुमायनी सांगं, वर ते बठ्ठाच बांधतस, खाले कोन बांधस? मंग मी लोळीसन त्या गोल दांडाले झेंडूना हार बांधा." रामसिंगने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. "जीपवर राग शे मन्हा, खोटं काबर बोलू. पन मिस्तरीवर नही. मन्ही गाडीना आसले तेल कोन देस? तोच."

"आणि खाली काय दिसलं?"

"काय दिसनार? चकचकीत दांडा. तोंड दिसे त्यामा. आनि रॉकेलना असा वास, माले ठसका लागना."

वत्सलाबाई उभ्या जागी थबकल्या. भिलाने शाफ्ट ग्रीस भरून जोडला होता आणि ती जीप तोरणमाळची धूळ खाऊन आली होती. मग दसऱ्याला दांडा चकचकीत कसा? आणि रॉकेल कुठून आलं?

गाडीच्या घुंगरांचा आवाज झाला. रामसिंगने बैल हाकले. कौसाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही.

४

तिसरी संशयित होती चुनीलालची आई, धनुबाई. गावात धनुमाय. तिचा हेतू तर सगळ्यात उघड. जीप उंच केल्यापासून तिला चढता येत नव्हतं, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

"देवदर्शनले नेस का झाडवर चढावस, तूच सांग नर्सबाई!" वत्सलाबाई ओट्यावर टेकताच तिने सुरुवात केली. "माले निसनी लागस. भिलाले म्हनं, परत खाले कर. तो हासना."

"म्हणून तुम्ही काही केलंत का जीपला?"

"मी?" म्हातारी गालातल्या गालात हसली. "माले जमतं ते कधीनं करी टाकतू."

हे उत्तर इतकं मोकळं होतं, की त्यावर शंका घेणं म्हणजे पाप. वत्सलाबाईंनी घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, अष्टमी ते दसरा जीप कुणी खोलली होती का? आतून चुनीलालची बायको सुगंधाबाई म्हणाली, नाही. धनुमाय म्हणाली, नाही. सगळी खरं बोलणारी माणसं. वाट संपल्यासारखी झाली. उन्हं वर चढत होती, भिला सायकलीजवळ उभा राहून गाठीशी झटत होता.

"पाणी तरी घ्या," वत्सलाबाई म्हातारीला म्हणाल्या. "तोंड सुकलंय तुमचं."

"चतुर्थी शे ना आज. सकायपाईन तोंडमा काही घालेल नही."

तिच्या मांडीवर शेंगांच्या टरफलांचा ढीग होता.

"आणि हे शेंगदाणे?"

"त्या ते उपासना शेतस!" धनुमाय खरोखर दुखावली. "त्याले काय खानं म्हंतस का?"

वत्सलाबाई म्हातारीकडे बघतच राहिल्या. दवाखान्यात हे रोज घडायचं. काही खाल्लं का? नाही. मग पोट का दुखतंय? सगळं उलगडून विचारलं की भगर निघायची, राजगिरा निघायचा, केळी निघायची. बाया खोटं बोलत नसत. देवासाठी खाल्लेलं ते खाणं नव्हतंच. प्रश्न चुकीचा असायचा.

त्या धनुमायच्या जवळ सरकल्या.

"माय, जीप कुणी खोलली ते राहू द्या. खंडेनवमीला पूजेला पाटावर काय काय मांडलं होतं, ते सांगा."

म्हातारीचा चेहरा उजळला. "बठ्ठं! नांगरना फाळ, विळा, कुऱ्हाड, उसना कोयता, तराजू, शिलाईनं मशीन. आनि जीपना तो लांबा दांडा, दोन तुकडा करीसन. मी बठ्ठासले मन्हा हातनी शेंदूर लावा."

कॅरियरची गाठ सुटल्याचा आवाज झाला. भिलाने पेटी उतरवून ओट्यावर ठेवली होती.

"थांबा मिस्तरी!" वत्सलाबाई ओरडल्या. "तुमची थरथर सापडली!"

५

चुनीलालला पारावरून बोलावून आणलं. तो भिलाकडे न बघता उभा राहिला. भिला त्याच्याकडे न बघता उभा राहिला. दोघंही जीपकडे बघत होते, त्यामुळे उभे मात्र जवळजवळ खांद्याला खांदा लावून होते.

"चुनीभाऊ, खंडेनवमीला तुम्ही शाफ्ट काढलात?"

"पूजाकरता धोयं, बाई. खंडेनवमीले मालकनी आपलं अवजार आपलाच हातनी धोवानं, मजूरना हातनी नही. मन्हा बाप नांगर धोये, मी जीपना शाफ्ट धोयं. गयावरीसबी धोयथं. रॉकेलमा, दोन्ही तुकडा वायला करीसन."

"मग मिस्तरींनी विचारलं, कुणी खोललं का, तेव्हा बोलला का नाहीत?"

"खोलं कथं? धोयं!" चुनीलाल गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला. "खोलनं म्हंजे मिस्तरीनं काम. हाई ते पूजा."

वत्सलाबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं. कडू औषध पाजताना त्या नेहमी माणसाला आधी बसवत.

"भिलाचा ठिपका ग्रीसमध्ये कालवलेल्या शेंदराचा. तो तुमच्या रॉकेलमध्ये धुऊन गेला. मग पाटावर तुकडे वेगवेगळे पडले होते, तेव्हा मायने दोघांवर आपला शेंदूर लावला, जिथे बोट पडलं तिथे. परत जोडताना तुम्ही काय केलंत?"

"लालसमोर लाल," चुनीलाल हळूच म्हणाला. "भिला करस तसंच. माले वाटनं, त्यानाच ठिपका शे."

"आणि आज सकाळी वाकून बघणाऱ्या मिस्तरींनाही तेच वाटलं. धनुमायचं बोट त्यांनी आपलं समजून सोडून दिलं."

धनुमायने आपलं बोट पदरात लपवलं.

"पन गयावरीसबी मी तसंच करं!" चुनीलाल अजून लढत होता. "तवय ते थरथर नही ऊनी!"

वत्सलाबाई भिलाकडे वळल्या. त्याने दोन्ही मुठी समोरासमोर धरल्या, आधी सरळ, मग कोपर वाकवून.

"तवय जीप खाले व्हती. शाफ्ट जवळजवळ सरळ. एखादा दाता इकडे-तिकडे व्हयना ते चाली जाये. आते ती उंच शे, शाफ्ट तिरका. दोन्ही टोकसले जे सांधा शेतस त्यासना कान एक रेघमा पाहिजेत, म्हंजे एक टोकना झटका दुसरं टोक गिळी लेस. कान फिरनात का झटका गिळाले कोनी नही. मंग तो बठकमा येस." मग तो चुनीलालकडे न बघताच म्हणाला, "पाटा वाढाडतांना मी सांगाले पाहिजे व्हतं. सांगं नही."

एवढं बोलून तो जीपखाली गेला. थोड्या वेळाने खालून आवाज आला: "एकच दाता! एकच दाता हुकेल शे!"

चुनीलालने तोंडावरून हात फिरवला. मग तो एकदम उठून उभा राहिला.

"कौसाभाभीनी गाडी कथी पोचनी व्हई?"

६

हुकलेला दाता भिलाने जागेवर बसवला होता. सारंगखेड्याचा रस्ता सरळ होता आणि जीप उंच. चुनीलाल हाकत होता, भिला नेहमीच्या जागी, वत्सलाबाई मागे. वेग वाढला. वत्सलाबाईंनी दोन्ही हात बैठकीवर ठेवले, डोळे मिटले. खाली काहीच नव्हतं. नुसता रस्त्याचा घरघराट. पेटीतल्या बाटल्या गप्प होत्या. पुढचे दोघंही गप्प होते, आणि ती शांतता बाटल्यांच्या शांततेहून पुष्कळ वाईट होती.

सारंगखेड्याच्या अलीकडेच बैलगाडी दिसली. चुनीलालने जीप तिच्या पुढे नेऊन उभी केली. कौसाबाई पेटीवर बसून होती.

"उतर," भिला म्हणाला. "जीप बरी व्हयनी."

"जीप बरी व्हयनी ते चांगलंच व्हयनं," कौसाबाई म्हणाली. "मी काय जीपनासाठे रुसी बठेल शे का? मन्हा धनीले दगाबाज कोन म्हनं व्हतं? बठ्ठा गावसमोर?"

चुनीलाल खाली उतरला. पांढरं धोतर, पांढरी टोपी. बैलाचं शिंग धरून उभा राहिला.

"भाभी, मी चुकनू."

"हाई माले काबर सांगस? मी का मिस्तरी शे?"

चुनीलालने वळून पाहिलं. भिला जागेवर नव्हता. तो जीपखाली शिरला होता आणि शाफ्टच्या यू-बोल्टांवर पान्हा फिरवत होता. ते घरूनच आवळलेले होते. वत्सलाबाईंनी स्वतः बघितलं होतं.

"मिस्तरी," चुनीलाल वाकून म्हणाला.

पान्हा फिरत राहिला.

"ए भिल्या."

पान्हा थांबला, आणि पुन्हा फिरू लागला.

चुनीलालने टोपी काढून कौसाबाईच्या मांडीवर ठेवली. रस्त्याच्या धुळीत आधी गुडघे टेकले, मग कोपर, मग तो पांढरं धोतर घेऊन आडवाच झाला आणि सरपटत आत गेला. गाडी उंच केल्याचा हा एक फायदा. आधीच्या जीपखाली दोघं मावलेच नसते.

रामसिंग बैलांना गप्प करत होता. कौसाबाई पेटीवरून थोडी पुढे झुकली. आत कुणीतरी बोलत होतं, फार हळू, अडखळत. शब्द एकही कळत नव्हता. वत्सलाबाईंनी आयुष्यभर माणसांना बोलतं केलं होतं. त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं आणि केळीच्या बागेकडे बघत राहिल्या.

बोलणं संपलं.

जीपखालून चार पाय बाहेर आले होते, दोन तेलकट, दोन धुळीने पांढरे. वत्सलाबाईंनी चोरून पाहिलं. तेलकट पायाने पांढऱ्या पायाला एक सणसणीत लाथ मारली.

"आई गं!" आतून चुनीलाल ओरडला, आणि पाठोपाठ दोघांच्या हसण्याचा आवाज आला.

"रामसिंग," कौसाबाई पेटीवरून उतरत म्हणाली, "हाई पेटी जीपमा ठेव."